टाकळा ओळखला, जागा नाही: ठाण्यातल्या एका मोकळ्या प्लॉटचं प्रकरण

ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला चार विंगांची एक सोसायटी आहे. तिच्या कंपाउंडला लागून एक मोकळा प्लॉट आहे. कागदावर तो उद्यानासाठी आरक्षित, प्रत्यक्षात वर्षानुवर्षं नुसता पडून. जूनमध्ये दोन-चार दमदार सरी झाल्या की तो टाकळ्यानं भरून जातो. गेल्या पावसाळ्यात सोसायटीतल्या काही जणांनी तिथून भाजी खुडायला सुरुवात केली, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘रानभाजी’ नावाचा ग्रुप निघाला आणि जुलैच्या सुरुवातीला दोन घरांतली माणसं जुलाबांनी हैराण झाली. सेक्रेटरींनी लिफ्टशेजारी नोटीस लावली : शेजारच्या प्लॉटमधील कोणतीही वनस्पती तोडण्यास सक्त मनाई. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि याच सोसायटीत राहते, म्हणून मग ‘मॅडम, तुम्ही एकदा बघून सांगा’ असा निरोप आला.

पुढचे काही आठवडे या विषयावर जेवढी चर्चा झाली, ती सगळी भाजीवर झाली. हा टाकळा आहे की नाही, विषारी आहे का, कोणी ओळखायला चुकलं. भाजी ज्या जमिनीवर उगवली तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. माझ्या मते खरं प्रकरण जमिनीचंच होतं.

खुडणारे कोण

या सगळ्याचं मूळ बी विंगमधल्या आजी. माहेर मालवणकडचं, त्यामुळे पहिल्या पावसातल्या टाकळ्याशिवाय त्यांना पावसाळा लागल्यासारखा वाटत नाही. कोवळा पाला, फणसाच्या आठळ्या, ओलं खोबरं, लसूण. त्यांच्या मागे तीन-चार बायका, आणि त्यांच्यामागे मोबाइलवर रानभाज्यांचे व्हिडिओ बघून उत्साहात आलेली दोन-तीन तरुण जोडपी. ग्रुपवर फोटो पडायचे ते बहुतेक यांचेच.

या ग्रुपमध्ये नसलेली पण कित्येक वर्षांपासून इथून भाजी नेणारी माणसंही होती. रात्रपाळीचे वॉचमन दादा, मूळचे वाशिमकडचे, टाकळ्याला तरोटा म्हणणारे. आणि सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या दोघी ताई, ज्या दुपारी घरी जाताना पदरात मूठभर पाला घेऊन जायच्या. जूनमध्ये मेथीची जुडी हात लावू देत नाही, तेव्हा फुकटची पालेभाजी ही हौस नसते. नोटीस लावताना या तिघांचा विचार कोणी केला नव्हता.

पिशवीत काय होतं

आजारी पडलेल्या घरांपैकी एका घरात उरलेली भाजी फ्रिजमध्ये तशीच होती. मी ती वर्तमानपत्रावर पसरली आणि पान न पान निवडलं.

बहुतेक माल टाकळाच होता. टाकळ्याच्या एका पानाला पर्णिकांच्या, म्हणजे त्यातल्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात, टोकाकडची जोडी सगळ्यांत मोठी, आणि प्रत्येक पर्णिका टोकाशी गोलसर, देठाकडे निमुळती. खालच्या जोडीच्या मधोमध एक बारीक काडीसारखी ग्रंथी दिसते. नख लावून शोधली की सापडते. त्या ढिगात काही पानं मात्र वेगळी होती. चार-पाच जोड्या, पर्णिकांची टोकं अणकुचीदार, आणि ग्रंथी जोडीमध्ये नाही तर पार देठाच्या बुडाशी, काळपट, गोल. हा कासविंदा. त्याला रानटाकळाही म्हणतात, आणि घोटाळ्याला तेवढं पुरतं.

कासविंद्याची कोवळी पानं काही भागांत उकळून खातात, तेव्हा चार पानांनी आभाळ कोसळत नाही. बिया मात्र घातक. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना दरवर्षी ठरावीक मोसमात होणारा एक जीवघेणा आजार बरीच वर्षं मेंदूज्वर समजला जात होता. यकृत, स्नायू आणि मेंदू एकदम निकामी होत. अखेर डॉक्टरांचा माग कासविंद्याच्या शेंगांपर्यंत पोहोचला. मुलं खेळता खेळता त्यातले दाणे खात होती. म्हणून प्लॉटवरचा कासविंदा शेंगा धरायच्या आत उपटून टाका, हे मी सेक्रेटरींना पहिल्या दिवशीच सांगितलं. सोसायटीतली मुलं त्याच प्लॉटवर क्रिकेट खेळतात.

पिशवीत थोडा कुर्डूही होता, तो बरोबर होता. घोळ म्हणून आणलेल्या काड्यांत मात्र निम्मी दुधी निघाली (भोपळा नव्हे, चिकाचं तण). दोन्ही जमिनीलगत पसरतात, दोन्हींचे देठ लालसर. पण घोळीचा देठ मांसल असतो आणि मोडला की त्यातून नुसतं पाणी येतं. दुधीचा देठ बारीक, आणि मोडताक्षणी पांढरा चीक. चीक आला की टाकून द्यायचं, एवढा एक नियम पाळला तरी घोळीच्या बाबतीत फसायला होत नाही.

ही सरमिसळ कोणी केली, यावर ग्रुपमध्ये बराच धुरळा उडाला. आजींची स्वतःची पिशवी स्वच्छ होती. मी सहज विचारायला गेले तर म्हणाल्या, “माका टायकळो कोणी दाखवक नको.” खरंच होतं. तरुण मंडळींनी मात्र मोबाइलवरच्या अ‍ॅपनं झाडं ओळखली होती. अ‍ॅपनं ‘सेना’ असं उत्तर दिलं होतं आणि ते चूकही नव्हतं : सेना (Senna) हे वनस्पतींच्या एका वंशाचं नाव, टाकळाही त्यातला, कासविंदाही त्यातलाच.

जुलाबांचं कारण मला कासविंद्यात दिसत नाही. एका घरात टाकळ्याची पानं कच्चीच मिक्सरमध्ये घालून केळ्याबरोबर स्मूदी केली होती, मोठे पेले भरून, सकाळी उपाशीपोटी. दुसऱ्या घरात गुडघ्याएवढ्या वाढलेल्या झाडांची जून पानं न उकडता परतली होती. टाकळा हा सोनामुखीचा भाऊबंद. सोनामुखीत पोट साफ करणारी जी द्रव्यं असतात, त्याच जातीची टाकळ्यातही असतात. आपल्याकडे टाकळा वीतभर व्हायच्या आत खुडतात, उकडून पाणी पिळून टाकतात आणि जेवणात डावभर वाढतात, ते उगाच नाही. पावसाळ्यातले जुलाब म्हटल्यावर पाण्यावर संशय जातोच, पण त्याच टाकीचं पाणी पिणारी बाकीची घरं ठणठणीत होती. दोन्ही घरची माणसं मीठ-साखरेच्या पाण्यावर दोन दिवसांत उभी राहिली. (स्मूदी या प्रकाराबद्दल माझं मत मी ग्रुपवर लिहिलं नाही. इथेही लिहीत नाही.)

इथे प्रकरण संपलं असं सगळ्यांना वाटलं. कासविंदा ओळखायला शिकवा, एक तक्ता करून लावा, नोटीस काढून टाका. तक्ता करायला मी तयार होते, पण त्याआधी प्लॉट पायांखालून घालायचा होता.

प्लॉटची चार तोंडं

सोबत वॉचमन दादांना घेतलं, कारण इमारतीचा पाया खणत होते तेव्हापासून ते इथे आहेत. त्यांनी तासाभरात जे दाखवलं ते सोसायटीच्या एकाही मीटिंगमध्ये निघालं नव्हतं.

रस्त्याकडची बाजू आधी. तिथे टाकळा सगळ्यांत दाट, आणि वाकून खुडायला सोपा, त्यामुळे ग्रुपची बहुतेक भाजी इथलीच. पेट्रोलमधलं शिसं आपल्या देशात २००० साली पूर्ण बंद झालं; पण शिसं कुजत नाही, वाहून जात नाही, वरच्या वीतभर मातीत बसून राहतं. जुन्या वाहत्या रस्त्यांच्या कडेला पहिल्या काही मीटरांत ते सर्वांत जास्त असतं. त्यात टायर-ब्रेकची धूळ रोजची. टाकळा आखूड, जमिनीला चिकटून; सर पडली की माती उडून पानांच्या खालच्या बाजूला बसते. पाना-पानाला बोट लावून बघितलं तर काळपट साय निघत होती. धुतल्यावर यातलं बरंच जातं. मुळांनी आत ओढलेलं जात नाही, उकडून पाणी फेकलं तरी. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात पालेभाजीतल्या शिशाची मर्यादा किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आहे. मातीची चिमूट चिकटून राहिली तरी ती ओलांडायला वेळ लागत नाही. मोठ्या माणसाला एका वाटीनं काही होणार नाही. पण घरात वाढतं मूल किंवा गरोदर बाई असेल आणि सगळा पावसाळा आठवड्यातून दोनदा हीच भाजी होत असेल, तर हिशोब वेगळा.

दुसरी, सोसायटीच्या भिंतीलगतची पट्टी. इथला टाकळा पिवळा पडून माना टाकत होता. विचारल्यावर कळलं की बागकामाच्या कंत्राटदारानं जूनअखेर भिंतीलगत तणनाशक मारलं होतं, सापाची भीती म्हणून. बिल सोसायटीच्याच खात्यातून गेलं होतं! तणनाशकाची खरी भीती पिवळ्या झाडात नसते. पिवळं झाड कोणी खुडत नाही. फवारल्यानंतरचे पहिले काही दिवस झाड हिरवंगार, टवटवीत दिसतं, धोका तेव्हा. ग्लायफोसेटसारखी औषधं आत शिरून मुळापर्यंत जातात, ती धुऊन निघत नाहीत. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ग्लायफोसेटचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांपुरता मर्यादित केला, पण कंत्राटदाराच्या पंपात काय होतं हे त्यालाही धड सांगता आलं नाही.

तिसरा, खालचा कोपरा. पाणी साचतं, बाजूला कचऱ्याची कुंडी, म्हणून उंदीर-घुशी. अळूची पानं इथे हत्तीच्या कानाएवढी. दादा म्हणाले, “मॅडम, इकडं नका येऊ. इथं बॅटरीवाला बसायचा.” इमारत व्हायच्या आधी तिथे भंगाराचं शेड होतं. जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं आम्ल जमिनीवर ओतायचं, शिशाच्या पट्ट्या भट्टीत वितळवायच्या. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत, १९६२ ची. तिच्या आसपास असे उद्योग कारखान्यांच्या पोटाशी वाढणारच. कारखाने गेले, त्यांच्या जागी टॉवर आले आणि जमिनीची ओळख पुसली गेली. आम्ल पडलेल्या जमिनीत धातू झाडाच्या मुळांना अधिक सहज मिळतात, म्हणजे हा कोपरा दुहेरी वाईट. शिवाय साचलेल्या पाण्यात चप्पल घालून उतरायचं आणि पायाला चीर असेल तर उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची भीती वेगळीच. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांना पालिकेचे दवाखाने डॉक्सिसायक्लिन देतात ते याचसाठी.

आणि चौथी, वरची बाजू. डोंगराकडचा उतार, मुरमाड, कधी बांधकाम न झालेला, रस्त्यापासून सगळ्यांत लांब. टाकळा तिथे विरळ, पण निरोगी. दादा आणि त्या दोघी ताई फक्त तिथूनच भाजी न्यायच्या. का, असं विचारलं तर दादांनी खालच्या कोपऱ्याकडे मान हलवली. “तिथं सुरुवातीला गवतसुद्धा धरत नव्हतं. आता धरतं, पण कोण खाणार?”

म्हणजे नोटिशीनं सगळ्यांत आधी त्याच तिघांना रोखलं होतं, जे जागा बघून खुडत होते.

माती ‘उत्तम’

सोसायटीत एक निवृत्त इंजिनिअर आहेत, कामसू गृहस्थ. माझं म्हणणं ऐकून त्यांनी कोणाला न सांगता चारही बाजूंची माती एकत्र करून तपासायला दिली आणि अहवाल घेऊन मीटिंगला आले. सामू (पीएच) ठीक, सेंद्रिय कर्ब चांगला, जस्त-लोह पुरेसं. “मॅडम, माती तर उत्तम आहे,” असं म्हणून त्यांनी कागद टेबलावर ठेवला, आणि पाच मिनिटं सभेत माझी पंचाईत झाली.

तो मृदा आरोग्याचा नेहमीचा अहवाल होता. त्यात बारा गोष्टी पाहतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पिकाला काय हवं ते त्यातून कळतं. शिसं, कॅडमियम यांचा त्यात रकानाच नसतो. त्यासाठी वेगळी तपासणी सांगून, वेगळे पैसे मोजून करून घ्यावी लागते. आणि चार बाजूंची माती एकत्र कालवल्यावर बॅटरीचा कोपरा उरलेल्या तिन्ही बाजूंत लपून जातो. म्हणजे तीही तपासणी वाया. प्रत्येक बाजूचा नमुना स्वतंत्र, वरच्या वीतभर थरातला, हवा. इंजिनिअर काकांनी हे शांतपणे वहीत लिहून घेतलं. त्यांच्यासारखा माणूस प्रत्येक सोसायटीत असावा, कारण बाकीच्यांना एवढंही करायचं नव्हतं.

त्याच मीटिंगमध्ये एका आजोबांनी विचारलं की आपल्याला चालेल का. ते हृदयाच्या झडपेसाठी वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घेतात. गडद पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि एकदम पालेभाजी वाढवली की वॉरफरिनचा परिणाम कमी होतो. हे रानभाजीपुरतं नाही, पालकालाही लागू, पण ‘रानभाजी म्हणजे औषधच’ या समजुतीनं माणसं हात सैल सोडतात. घोळ आणि मुतखडा यांचंही तसंच. घोळीत मुतखडा घडवणारं ऑक्झॅलेट खूप.

येऊरची टूम

मीटिंगच्या शेवटी तरुणांपैकी एकानं तोडगा काढला : प्लॉट नको तर येऊरला जाऊ, तिथे शुद्ध जंगल आहे, फोडशी, भारंगी, शेवळं सगळं मिळेल. लगेच चार हात वर झाले.

याला मी स्पष्ट विरोध केला. येऊर हे सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं अंग आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपण तिथून पानही आणू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांना २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर हक्क दिला आहे. वागळेतल्या फ्लॅटधारकाला नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी फोडशी ही काही टाकळ्यासारखी उकिरड्यावर उगवणारी गोष्ट नव्हे. तिच्या एका जातीला बोरिवलीवरून ‘बोरिविलियानम’ हे नाव मिळालं, आणि सफेद मुसळी या औषधासाठी कंद खणून खणून ती रानातून आटत चालली आहे. नवख्या हातानं पानाबरोबर कंद उपटला की पुढच्या वर्षीचं झाड गेलं. शिवाय त्याच दिवसांत कळलावीही वर येते, पानाच्या टोकाला वेटोळं असलेली. तिच्या कंदात आणि पाल्यात कोल्चिसिन हे विष असतं. तिथे चुकलं तर दोन दिवसांचे जुलाब नाहीत, थेट अतिदक्षता विभाग.

शेवळांचं सांगायचं तर ती ओळखता आली तरी रांधता यायला हवी. कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुया घशाला टोचतात, म्हणून काकडं (आंबट रानफळं) किंवा चिंच घालून शिजवतात. सीकेपी घरांत ही विद्या अजून आहे, बाकीच्यांनी आधी त्यांच्याकडे जेवायला जावं.

येऊरच्या पाड्यांवरच्या मावश्या या सगळ्या भाज्या खुडून, निवडून सकाळी जांभळी नाक्याच्या बाजारात वाटे लावून बसतात. ज्या भाजीत त्यांचा हात रुळलेला आहे ती त्यांच्याकडूनच घ्यावी, घासाघीस न करता. कशी करायची तेही त्या सांगतात. ग्रुपमधल्या काही बायका आता शनिवारी तिथे जातात आणि ग्रुपला त्यामुळे खरं काम मिळालं आहे.

काय ठरलं, काय राहिलं

नोटीस काढली. तिच्या जागी प्लॉटचा हातानं काढलेला नकाशा लावला : रस्त्याची बाजू, भिंतीची पट्टी आणि खालचा कोपरा लाल, वरचा उतार हिरवा. त्याखाली टाकळा-कासविंदा आणि घोळ-दुधी यांची चित्रं. मनाईपेक्षा नकाशा बरा, हे पटवायला मला फार वेळ लागला. सेक्रेटरींची अडचण मी समजू शकते. उद्या काही झालं तर नोटीस होती असं म्हणता येतं, नकाशा होता असं म्हणून सुटका होत नाही. पण मनाईनं आजी थांबल्या नव्हत्या, त्या पहाटे जायला लागल्या होत्या, आणि अंधारात खुडलेला टाकळा उजेडात खुडलेल्यापेक्षा वाईटच.

आजींना रस्त्याकडची बाजू सोडायला लावणं सगळ्यांत अवघड गेलं. उतार चढवत नाही, ही त्यांची खरी अडचण होती. शेवटी गच्चीवर विकतच्या मातीचे चार क्रेट ठेवले आणि गावाहून टाकळ्याचं बी मागवलं. बियांचं कवच टणक, तसंच पेरलं तर रुसून बसतं. खरखरीत कागदावर घासून रात्रभर भिजवलं तेव्हा कोंब दिसले. कुर्डू आणि तांदुळजाही लावला. आजींच्या मते गच्चीवरच्या टाकळ्याला वास नाही. मला तर फरक कळला नाही. तणनाशकाची फवारणी यापुढे सेक्रेटरींच्या लेखी परवानगीशिवाय करायची नाही, एवढं मात्र एकमतानं झालं.

दिवाळीनंतर प्लॉटवर जेसीबी आला. आरक्षणाप्रमाणे उद्यानाचं काम सुरू झालं, आणि पहिल्याच आठवड्यात खालचा खड्डा भरायला वरचा उतार कापला गेला, तर बॅटरीच्या कोपऱ्यातली माती सपाटीकरणात सगळीकडे पसरली. नकाशा त्या दिवशी निकामी झाला. लहान मुलांच्या खेळाची जागा आराखड्यात नेमकी त्या खालच्या बाजूला आहे. इंजिनिअर काकांनी काम करणाऱ्या कार्यालयाला पत्र दिलं आहे : मुलांना मातीत सोडण्याआधी चार ठिकाणचे स्वतंत्र नमुने शिशासाठी तपासा, नाहीतर वर किमान फूटभर स्वच्छ मातीचा थर टाका. पत्राची पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. तोवर प्लॉटवर कुठूनच काही खुडू नका, असं वॉचमन दादांनी त्या दोघी ताईंना स्वतःहून सांगितलं. गच्चीच्या चार क्रेटमधले दोन आता त्यांच्यासाठी आहेत.